हयातीचा दाखला

थोडं लांब झालंय. वेळ काढून वाचा, आणि घरात साठीपुढचं कुणी असेल तर त्यांनाही वाचून दाखवा.

गेल्या नोव्हेंबरात बाबांना घेऊन एका बँकेत गेलो होतो. पेन्शनवाल्यांच्या घरात नोव्हेंबर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. हयातीचा दाखला! आपण जिवंत आहोत हे आपणच जाऊन सांगायचं. 2014 पासून 'जीवन प्रमाण' आलं, अंगठा लावला की काम होतं, त्यामुळे पूर्वीपेक्षा बरंच सोपं झालंय. पण बाबांचा अंगठा काही लागेना. एकदा, दोनदा, तीनदा. काउंटरवरचा पोरगा चांगला होता, म्हणाला, "काका, हात धुऊन या." धुऊन आले. तरी नाही. मग बाबाच त्याला म्हणाले, "अरे, पस्तीस वर्षं लेथवर काढलीत. ठसे तिथंच राहिले."

शेवटी मोबाईलवर चेहरा दाखवून, डोळ्यांची उघडझाप करून काम झालं. पोरगा हसून म्हणाला, "झालं काका. आता वर्षभर निवांत!"

रिक्षात बाबा काही बोलले नाहीत. घराजवळ आल्यावर म्हणाले, "वर्षातून एकदाच विचारतात जिवंत आहे का. तेही बँकवाले."

त्यांनी चेष्टेत म्हटलं होतं, पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. म्हणून हे लिहितोय.

बाबा ऑर्डनन्समध्ये टर्नर होते. अंबरनाथकरांना ऑर्डनन्स म्हटलं की पुरतं. अप्रेंटिस म्हणून लागले ते 2012 साली साठाव्या वर्षी टूल रूममधून बाहेर पडले. निरोप समारंभ, हार, घड्याळ, फोटो, सगळं रीतसर झालं. पहिले दोन महिने मजेत गेले. गावी जाऊन आले, देवदर्शन झालं, माळा साफ झाला. तिसऱ्या महिन्यात बिल्डिंगमधले सगळे गळके नळ दुरुस्त झाले. चौथ्या महिन्यात दुरुस्त करायला नळ उरला नाही. मग पेपर. सकाळी सातला हातात घेतलेला पेपर दुपारी बाराला खाली ठेवायचे, अगदी निविदा सूचनांसकट वाचून. मी कामावरून आलो की, "आज काय बातमी?" आणि मी मोबाईलमध्ये बघत, "काही विशेष नाही." किती वर्षं मी हे उत्तर दिलं असेल, देव जाणे.

आई मात्र एकदा फाडकन बोलली. "ह्यांना काम नाही म्हणून त्रास, आणि मला काम आहे म्हणून. मला कधी देतायत रे निरोप समारंभ?" तिच्याकडे पुढे येतोच.

आपली ही तिन्ही शहरं कामगारांनी वसवलेली आहेत. अंबरनाथ ऑर्डनन्सचं, काडेपेटीच्या विम्कोचं, धरमसी मोरारजीचं, नंतर एमआयडीसीचं. विम्को गेली, नाक्याला नाव राहिलं. उल्हासनगर तर निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलं, तिथल्या मागच्या पिढीने हातगाडीपासून सुरुवात केली. बदलापूर पहाटेची लोकल पकडणाऱ्या चाकरमान्यांचं. 2011 च्या जनगणनेत अंबरनाथ अडीच लाखांचं होतं, बदलापूर पावणेदोन लाखांचं, उल्हासनगर पाच लाखांचं. राज्यात साठीपुढचे लोक तेव्हाच दहा टक्क्यांच्या घरात होते. आपल्याकडे थोडे कमी धरले तरी तिन्ही शहरांत मिळून ऐंशी-नव्वद हजार माणसं होतात. हा हिशेब दीड दशकापूर्वीच्या आकड्यांवरचा आहे. आज किती असतील ते तुम्हीच लावा.

एवढ्या माणसांसाठी आपल्याकडे उत्तर एकच. बाकडं! सिमेंटचं, पाठीवर 'सौजन्य' आणि नाव. नाव एवढं मोठं की टेकलं की पाठीवर उमटेल. थोडा जास्त निधी असेल तर विरंगुळा केंद्र. 1 ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन, शाल, श्रीफळ, गुडघ्यांच्या तेलाचं सॅम्पल.

गैरसमज नको. ज्येष्ठ नागरिक संघांची मी चेष्टा करत नाहीये. ज्यांची मुलं पुण्याला किंवा परदेशात आहेत अशा किती जणांना त्या संघाने सांभाळलंय हे मी पाहिलंय. बाकडंही हवंच, दोनशे पावलांवर दम लागणाऱ्याला त्याची किंमत विचारा. माझं म्हणणं वेगळं आहे. आपण या माणसांना कायम समोरच्या खुर्चीत बसवतो. भाषण ऐकायला, टाळ्या वाजवायला, सत्कार घ्यायला. त्यांना काय येतं हे कुणी विचारत नाही.

यात मीही आलो. वीस वर्षं वार्ताहर आहे. 'ज्येष्ठांचा सत्कार' ही बातमी मी झोपेत लिहू शकतो. पाहुण्यांची नावं, अध्यक्षांचं नाव, 'बहुसंख्येने उपस्थित होते'. त्या बहुसंख्येत एखादा मायक्रोमीटर डोळे मिटून वापरणारा होता का, एखादीने चाळीस वर्षं बाळंतपणं केली होती का, हे मी एकदाही विचारलं नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, माणसाला प्रश्न विचारा म्हणून.

आणि हे व्हॉट्सअॅपवरचे 'निवृत्तीनंतर सक्रिय राहा' वाले मेसेज! सकाळी योगा करा, छंद जोपासा, पर्यटन करा, नवीन भाषा शिका. बरोबर आहे सगळं. पण कुणासाठी? आमच्याच बिल्डिंगचा वॉचमन अडुसष्ट वर्षांचा आहे. आनंदनगर एमआयडीसीतल्या एका खाजगी कंपनीत जन्म गेला. पेन्शन आहे, ईपीएस-95 ची. 2014 मध्ये सरकारने या पेन्शनची किमान रक्कम ठरवली, महिना एक हजार. तो माणूस बारा तास खुर्चीत बसतो, रात्री दोनला गेट उघडतो. त्याला कसलं 'सक्रिय राहा' सांगता? त्याला जरा बसू द्या असं म्हणायची वेळ आहे. या ईपीएसवाल्यांनी बुलढाण्यात वर्षानुवर्षं साखळी उपोषण चालवलं, साडेसात हजार पेन्शन मागत दिल्लीपर्यंत गेले. सत्तरीची माणसं. माझ्या मते निवृत्तीतली सक्रियता याहून मोठी नाही, पण तिचा फोटो गुड मॉर्निंगच्या मेसेजमध्ये येत नाही.

उल्हासनगरची गंमत आणखी वेगळी. गजानन मार्केटात कुठल्याही जुन्या दुकानात डोकावा, गल्ल्यावर ऐंशीचे आजोबा दिसतील. सगळा व्यवहार मुलगा बघतो, नातू ऑनलाईन विकतो, पण कुठल्या गिऱ्हाइकाला उधार द्यायचं हे आजोबा मान हलवून सांगतात. त्यांना कुणी रिटायर केलंच नाही. साठी झाली म्हणून माणूस निकामी होत नाही. नोकरी हा एकच गल्ला ज्याला माहीत, तो त्यावरून उठला की त्याला दुसरी जागा सापडत नाही, एवढंच.

ती जागा सापडली तर काय होतं, याची उदाहरणं फार लांब नाहीत.

बदलापुरात श्याम जोशी सरांनी 'ग्रंथसखा' उभं केलं. शिक्षकी पेशातला माणूस, जुनी, दुर्मीळ मराठी पुस्तकं गोळा करायचा ध्यास घेतला आणि बदलापूरसारख्या गावात बाहेरून अभ्यासक येतील असं वाचनालय झालं. आपल्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. 8 मार्च 2016 ला तिथं आजीबाईंची शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर या शिक्षकांची कल्पना. साठ ते नव्वदच्या आज्या, गुलाबी नऊवारी, पाठीला दप्तर. वर्ग दुपारचा, कारण सकाळी घरकाम आणि शेत असतं. मला यातली ही वेळेची गोष्ट सगळ्यात आवडते. कुणीतरी आधी आज्यांना विचारलं, तुम्हाला कधी जमेल? आपली विरंगुळा केंद्रं सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात, म्हणजे नेमकी बाईच्या डब्याच्या आणि स्वयंपाकाच्या वेळेला. मग 'महिलांचा प्रतिसाद कमी' अशी बातमी येते. मीच लिहिलीय.

आता बाकड्याचीच गोष्ट. झिम्बाब्वेमध्ये हरारे नावाचं शहर आहे. देश एवढा मोठा आणि मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. डिक्सन चिबांडा नावाच्या डॉक्टरने 2006 मध्ये 14 आज्यांना घेऊन एक काम सुरू केलं. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाकडं. त्यावर शिकवून तयार केलेली आजी बसते. मन खचलेला माणूस येऊन शेजारी बसतो, बोलतो, आजी ऐकते आणि त्याच्या अडचणीतून वाट काढायला त्याला मदत करते. याची नीट चाचणी झाली, 573 रुग्णांवर, आणि 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले. आज्यांच्या बाकड्यावर बसलेल्यांचा त्रास नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झाला होता. तिकडेही बाकडंच. फक्त तिथं म्हातारं माणूस कामावर बसलेलं आहे.

जपानमध्ये तर 1975 च्या सुमारास टोकियोत याची केंद्रं निघाली आणि 1986 मध्ये कायदा झाला. साठीपुढच्या माणसाने नाव नोंदवायचं, काय येतं ते सांगायचं. केंद्र त्याला गावातलीच छोटी कामं देतं. बाग छाटणे, कागदी दारं दुरुस्त करणे, सायकल स्टँड बघणे. महिन्याला साधारण दहा दिवस, आणि त्याचे पैसे. पोट भरायची नोकरी नव्हे आणि फुकटची समाजसेवाही नव्हे.

हे पैशाचं महत्त्व मला बाबांमुळे कळलं.

तीन वर्षांपूर्वी आनंदनगर एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपवाल्याने मला सहज विचारलं, "तुमचे वडील टूल रूमचे ना? माझ्या पोरांना टूल घासता येत नाही. येतील का दोन तास?" मी घरी सांगितलं. मला वाटलं नाही म्हणतील, सत्तरी गाठली होती. बाबांनी एकच विचारलं, "देणार किती?" मला लाज वाटली, म्हटलं, बाबा, आपल्याला कुठे पैशांची गरज आहे? तर म्हणाले, "गरज नाही रे. पण फुकट शिकवलं की पोरं फुकट समजतात."

आठवड्यातून तीन दिवस, दहा ते बारा. घरातला माणूस बदलला. आदल्या रात्री डबी भरून ठेवायचे, चष्मा, व्हर्नियर, पेन. दुपारी जेवताना पोरांच्या चुका सांगायचे. "आज काय बातमी?" बंद झालं, उलट तेच मला बातमी द्यायला लागले. कुठल्या गाळ्याला ऑर्डर नाही, कुठल्या रस्त्यावर केमिकलचं पाणी आलंय. आईला सकाळचे दोन तास स्वतःचे मिळाले, ती शेजारणीबरोबर वाचनालयात जायला लागली. यालाही मी निवृत्तीचा फायदाच म्हणतो, तिच्या.

आठ महिने असं चाललं. मग एका पावसाळी सकाळी, रस्त्याच्या कडेने चालत जाताना मागून आलेल्या बाईकचा धक्का लागला. फुटपाथ नावाची गोष्ट त्या रस्त्यावर नाही. चिखल टाळायला बाबा थोडे आत चालत होते. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. आई म्हणाली, पुरे झालं. मीही म्हणालो. रिक्षाने जा म्हटलं तर जाऊन-येऊन रिक्षाचे पैसे त्यांच्या मानधनाच्या निम्मे होत होते, आणि बाबा हिशेबाचे पक्के. वर्कशॉप सुटलं. बाबा परत पेपरावर आले.

आपण 'सक्रिय राहा, सक्रिय राहा' म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या मनाला उपदेश करतो. मन तयार असतं हो. रस्ता तयार नसतो. स्टेशनचा जिना, उखडलेले पेव्हर ब्लॉक, बाजारात कुठेही नसलेली स्वच्छ मुतारी. डायबेटिसवाला माणूस तासाभराच्या वर घराबाहेर राहू शकत नाही ते आळशी आहे म्हणून नाही. आणि बाईचं तर विचारूच नका. 75 च्या पुढच्यांना 2022 पासून एसटी फुकट झाली, फार चांगलं झालं. रेल्वेची ज्येष्ठांची तिकीट सवलत 2020 च्या मार्चमध्ये बंद झाली ती झालीच. पण तिकिटाच्या आधी घर ते स्टॉप हे अंतर आहे, त्याचं काय?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. माणूस गुंतलेला राहतो तो कुणाला तरी त्याची गरज असते तेव्हा. करमणूक करून राहत नाही. गरज गावात आहे, कसब घरात बसलेलं आहे. मध्ये पूल बांधणं हे नगरपालिकेचं काम आहे, आणि थोडं आपलं.

काय करता येईल?

एक, प्रत्येक वॉर्डात निवृत्तांच्या कसबाची नोंदवही करा. टर्नर, फिटर, नर्स, शिक्षक, हिशेबनीस, शिंपी. नाव, काय येतं, आठवड्याला किती तास देणार. नगरपालिकेच्या शाळांना, आयटीआयला, एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांना ती वही द्या. मानधन ठेवा, भले थोडं असो.

दोन, क्षेत्रसभा घ्या. 2009 मध्ये आपल्या राज्यात कायद्यात दुरुस्ती होऊन शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद झाली, गावात ग्रामसभा असते तशी. वीस वर्षांच्या नोकरीत मी एकही क्षेत्रसभा कव्हर केलेली नाही, कारण झालेली पाहिलीच नाही. 2020 ला मुदत संपल्यावर अंबरनाथ-बदलापूरला पाच वर्षं नगरसेवकच नव्हते, तेव्हा तर विचारणारंही कुणी नव्हतं. निविदा सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी माणसं आपल्याकडे हजारांनी आहेत, मी एक रोज घरात बघतो. त्यांना रस्त्याच्या कामाचा अंदाजपत्रकाचा कागद द्या आणि सिमेंटची जाडी मोजायला उभं करा. ठेकेदाराला विरंगुळा कसा होतो बघा.

तीन, फुटपाथ आणि मुताऱ्या. यावर वेगळं लिहायची गरज नाही.

चार, केंद्रांची वेळ दुपारी दोन ते पाच करा, म्हणजे आमच्या आया येतील.

आणि थोडं घरच्यांना, म्हणजे मला स्वतःला. आईवडिलांना नातवाच्या स्कूलबसची ड्युटी लावून 'त्यांचा वेळ छान जातो' म्हणू नका. त्यांना आवडत असेल तर उत्तम, पण एकदा विचारा. ज्येष्ठांनाही हात जोडून एक सांगतो. नवीन पोरांना शिकवायला जाल तेव्हा 'आमच्या वेळी' घरी ठेवून जा. बाबांनी पहिल्या आठवड्यात ते केलं आणि दोन पोरं गायब झाली. दुसऱ्या आठवड्यापासून बाबा आधी पोरांकडून सीएनसीचा पॅनेल शिकले, मग पोरं बाबांकडून टूल घासायला शिकली.

आणि हो, ज्याला खरंच काही करायचं नाही त्याला सोडून द्या. पस्तीस वर्षं पहाटेच्या लोकलला लटकलेल्या माणसाला दहापर्यंत झोपायचं असेल तर तो त्याचा हक्क आहे. सक्तीची सक्रियता हाही एक छळच.

परवा रविवारी जेवत होतो. बाबांचा फोन वाजला. वर्कशॉपमधला एक पोरगा, आता दुसरीकडे कामाला आहे. म्हणाला, "काका, जॉबवर चॅटर येतंय, जात नाही." बाबा म्हणाले, "फोन मशीनजवळ धर." त्याने धरला. आमच्या जेवणाच्या टेबलावर लेथचा आवाज. बाबांनी घास तसाच हातात धरून ऐकलं. "टूल किती बाहेर काढलंयस? आत घे. अजून आत. आता लाव." आवाज बदलला, मलासुद्धा कळला. पोरगा म्हणाला, "झालं काका!"

बाबांनी फोन ठेवला आणि आमटी मागितली.

तुमच्या बिल्डिंगमध्ये, चाळीत, कॅम्पात असं कुणी असेल तर मला कळवा. काय काम येतं आणि किती तास देता येतील एवढंच लिहा. अंबरनाथ पूर्वेच्या एका वॉर्डाची वही मी आणि दोन मित्र मिळून सुरू करतोय. पहिलं नाव बाबांचं लिहिलंय. पत्त्याखाली त्यांनीच एक ओळ घातली, 'फुटपाथ झाल्यावर प्रत्यक्ष येईन, तोवर फोनवर.'